एनपीएम बदलताना: जुन्या नोड प्रकल्पातील आवृत्त्यांचा हिशोब कसा ठेवावा

एखादा दोन-चार वर्षांपूर्वीचा नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) प्रकल्प नव्या लॅपटॉपवर उतरवून घ्यावा, सवयीने पॅकेजेस बसवणारी ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा चालवावी आणि एकाही ओळीला हात लावलेला नसताना गिटने पॅकेज-लॉक फाइलमध्ये (बसलेल्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी ‘लॉकफाइल’) हजारो ओळी बदलल्याचे दाखवावे, हा प्रसंग या क्षेत्रातील बहुतेकांच्या वाट्याला येतो. बहुतेक जण तो बदल न वाचता कमिट करतात किंवा न वाचता टाकून देतात, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या आहेत. या लेखात नोड १४ आणि एनपीएम ६ वर अडकलेला प्रकल्प पुढे कसा न्यावा आणि त्यानंतर त्यातील पॅकेजांच्या आवृत्त्या कशा सांभाळाव्यात, हे क्रमाने सांगितले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

तीन थर आणि त्यांचा क्रम

प्रकल्पात तीन वेगवेगळ्या गोष्टींना आवृत्ती असते: नोड, पॅकेज मॅनेजर (पॅकेजेस उतरवून बसवणारे साधन, येथे एनपीएम) आणि पॅकेजेस (इतरांनी लिहिलेला तयार कोड). नोडसोबत एनपीएम आपोआप येत असल्यामुळे पहिल्या दोन गोष्टी एकच आहेत असे वाटते आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. नोड १४ सोबत एनपीएम ६ येत असे. नोड १६ ची सुरुवात एनपीएम ७ ने झाली व पुढे त्यात ८ आले. नोड २२ सोबत एनपीएम १० येते. म्हणजे नोड बदलणाऱ्याने पॅकेज मॅनेजरही बदललेला असतो, मग ते त्याच्या लक्षात आलेले असो वा नसो.

ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या एनपीएम ७ ने दोन मोठे बदल केले. लॉकफाइलचे स्वरूप पहिल्यावरून दुसऱ्यावर गेले, आणि ‘पिअर डिपेंडन्सी’ (एखाद्या पॅकेजला प्रकल्पाकडून अपेक्षित असलेली दुसरी पॅकेजेस) आपोआप बसवल्या जाऊ लागल्या. एनपीएम ६ त्यांच्याबद्दल फक्त इशारा देऊन पुढे जात असे. २०२२ मध्ये आलेल्या एनपीएम ९ पासून तिसरे स्वरूप गृहीत धरले जाते. दुसऱ्या स्वरूपात जुन्या एनपीएमला समजणारा ‘डिपेंडन्सीज’ हा भाग आणि नव्याला लागणारा ‘पॅकेजेस’ हा भाग, असे दोन्ही असतात. तिसऱ्यात जुन्यासाठी ठेवलेला भाग गळलेला असतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या हजारो ओळी बहुधा या स्वरूपबदलाच्या असतात. अडचण अशी की त्यांच्यातच एखाद्या पॅकेजची खरोखर बदललेली आवृत्ती लपलेली असू शकते, आणि डोळ्यांनी ती सापडत नाही.

म्हणून नियम असा: आधी पॅकेज मॅनेजर बदलावा आणि त्या वेळी एकाही पॅकेजची आवृत्ती हलू देऊ नये; ते मर्ज झाल्यानंतरच पॅकेजांना हात लावावा. दोन्ही कामे एकाच ब्रांचमध्ये उरकणे म्हणजे दोन डगरींवर पाय ठेवणे आहे. बिल्ड मोडले तर दोष कोणत्या बदलाचा, हे मग सांगता येत नाही.

सुरुवातीची स्थिती पक्की करणे

पहिले काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त टाळले जाते. जुना प्रकल्प जुन्याच साधनांवर व्यवस्थित चालतो, हे आधी सिद्ध करावे. नोड १४ बसवून ‘एनपीएम सीआय’ चालवावे. ही आज्ञा ‘एनपीएम इन्स्टॉल’पेक्षा वेगळी आहे: ती नोड-मॉड्यूल्स हे फोल्डर पूर्ण पुसते, लॉकफाइलमध्ये लिहिले आहे नेमके तेच बसवते, लॉकफाइलमध्ये स्वतः काहीही लिहीत नाही, आणि पॅकेज.जेसन (प्रकल्पाला हवी असलेली पॅकेजेस लिहिलेली फाइल) व लॉकफाइल यांच्यात विसंगती आढळली तर काम थांबवून त्रुटी दाखवते. त्यानंतर टेस्ट आणि बिल्ड चालवून निकाल नोंदवून ठेवावा.

ॲपलच्या एम१ किंवा त्यापुढच्या चिपवर काम करणाऱ्यांना येथेच ठेच लागते, कारण त्या चिपसाठी अधिकृत तयार नोड १६ पासूनच मिळतो. अशा वेळी नोड १४ चा डॉकर कंटेनर (यंत्रावर वेगळे, बंदिस्त चालणारे वातावरण) वापरणे सोयीचे पडते. या टप्प्यावर टेस्ट नापास होत असतील तर पुढे जाऊ नये. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास अशी गत करून घेण्यात अर्थ नाही.

दुसरे काम म्हणजे कोणती साधने वापरायची ते प्रकल्पातच लिहून ठेवणे. नोडची आवृत्ती .एनव्हीएमआरसी या फाइलमध्ये लिहावी (नोडच्या आवृत्त्या बदलणारे एनव्हीएम हे साधन ती वाचते). पॅकेज.जेसनमधील ‘इंजिन्स’ या नोंदीत नोड आणि एनपीएम दोन्हींची मर्यादा द्यावी, आणि .एनपीएमआरसी मध्ये ‘इंजिन-स्ट्रिक्ट’ खरे करावे; ते केले नाही तर इंजिन्सची नोंद केवळ इशाऱ्यापुरती उरते. एनपीएमऐवजी यार्न किंवा पीएनपीएम हे पॅकेज मॅनेजर वापरणाऱ्या प्रकल्पांत ‘पॅकेज-मॅनेजर’ या नोंदीत नाव आणि नेमकी आवृत्ती लिहिता येते व कोअरपॅक (ठरलेला पॅकेज मॅनेजर आणून चालवणारे साधन) ती नोंद पाळतो. मात्र नोड २५ पासून कोअरपॅक नोडसोबत येत नाही, त्यामुळे सीआयच्या (प्रत्येक बदलावर टेस्ट आणि बिल्ड आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) स्क्रिप्टमध्ये तो वेगळा बसवण्याची पायरी घालावी लागते.

हे लिहून न ठेवल्याने काय होते, ते मी एका संघात पाहिले आहे. दोघे जण एनपीएम ६ वर होते आणि तिघे एनपीएम ८ वर. प्रत्येक पुल रिक्वेस्टमध्ये लॉकफाइलचे स्वरूप कधी पुढे तर कधी मागे जाई, आणि ‘ती फाइल अशीच हलते’ अशी सर्वांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. तारखांचे रूपांतर करणाऱ्या एका पॅकेजची आवृत्ती त्या गर्दीत कधी बदलली, हे अहवालातील तारखा चुकू लागेपर्यंत कोणाला कळले नाही. त्यात माझेही दोन कमिट होते.

पॅकेज मॅनेजर एकटा बदलणे

आता नवी ब्रांच काढावी, नवा नोड बसवावा आणि ‘एनपीएम इन्स्टॉल’ला ‘पॅकेज-लॉक-ओन्ली’ हा पर्याय जोडून चालवावे. यामुळे नोड-मॉड्यूल्सला हात न लागता फक्त लॉकफाइल नव्याने लिहिली जाते. जुन्या लॉकफाइलमध्ये नव्या एनपीएमला हवी असलेली काही माहिती नसते, ती रजिस्ट्रीतून (पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातून) आणावी लागेल असा इशारा पडद्यावर येईल. हा इशारा निरुपद्रवी आहे, फक्त पहिल्या वेळी थोडा वेळ लागतो.

यानंतर ओळींची तुलना करत बसू नये, आवृत्त्यांची करावी. येथे दुसरे स्वरूप फार उपयोगी पडते. नव्या एनपीएमला ‘लॉकफाइल-व्हर्जन’ या पर्यायाने दुसरे स्वरूप लिहायला सांगितले, तर जुन्या आणि नव्या दोन्ही फाइलींत ‘डिपेंडन्सीज’ हा एकसारखा रचलेला भाग मिळतो. तो आतपर्यंत चाळून प्रत्येक पॅकेजचे नाव आणि आवृत्ती एकेका ओळीवर काढणारी, आणि त्या ओळी क्रमाने लावणारी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहावी. दोन याद्यांची तुलना केली की हजारो ओळींचा बदल बहुतेक वेळा वीस-पंचवीस ओळींवर येतो. त्यांतील नव्याने आलेली नावे मुख्यतः आपोआप बसलेल्या पिअर डिपेंडन्सीची असतात. एखाद्या जुन्या नावापुढे आवृत्ती बदललेली दिसली, तर ती का बदलली याचे उत्तर मिळाल्याशिवाय ब्रांच मर्ज करू नये. सगळे जुळल्यावर हवे तर तिसऱ्या स्वरूपाकडे जाण्याचा वेगळा कमिट करावा.

बरेचदा मात्र गाडी याआधीच ‘ई-रिझॉल्व्ह’ या त्रुटीवर अडते. पिअर डिपेंडन्सी म्हणजे ‘हे पॅकेज मी स्वतः आणणार नाही, पण माझ्या यजमानाकडे या आवृत्तीचे असायला हवे’ अशी अट. वेब-पानांचे घटक बनवण्यासाठीच्या रिॲक्ट या पॅकेजची १७ ही आवृत्ती एनपीएम ७ नंतर आठवड्याभरातच आली, आणि त्या काळातील असंख्य घटक-संचांनी आपल्या अटीत फक्त रिॲक्ट १६ लिहिलेले होते. एनपीएम ६ ने जी विसंगती केवळ इशारा देऊन खपवून घेतली होती, तिच्यावर नवे एनपीएम थेट काम थांबवते. म्हणजे त्रुटी नवी असली तरी दोष जुनाच असतो.

त्रुटीचा मजकूर लांबलचक असला तरी त्यातील दोनच गोष्टी महत्त्वाच्या असतात: ‘फाउंड’ या शब्दापुढे प्रकल्पात सध्या कोणती आवृत्ती आहे ते, आणि ‘पिअर’ या शब्दापुढे कोणाला कोणती हवी आहे ते. अडवणाऱ्या पॅकेजची नवी आवृत्ती आपली अट मान्य करत असेल तर तेवढे एकच पॅकेज आधी, जुन्या एनपीएमवर असतानाच, पुढे न्यावे आणि मग पुन्हा या टप्प्यावर यावे. पॅकेज सोडून दिलेले असेल आणि प्रत्यक्षात ते चालत असेल, तर पॅकेज.जेसनमधील ‘ओव्हरराइड्स’ या नोंदीने फक्त त्या एका अटीपुरती सूट देता येते, एनपीएम ८.३ पासून ही सोय आहे आणि ती फक्त प्रकल्पाच्या मुळातील पॅकेज.जेसनमध्येच चालते.

‘लेगसी-पिअर-डेप्स’ हा पर्याय इंटरनेटवरील प्रत्येक उत्तरात सापडतो. तो वापरणे गुन्हा नाही, पण तो सगळ्याच अटी एकदम दुर्लक्षित करतो, हे माहीत असावे. वापरायचाच झाला तर तो कोणा एकाच्या टर्मिनलमध्ये न ठेवता .एनपीएमआरसी मध्ये लिहावा, कारण ज्या पर्यायाने लॉकफाइल बनली तोच ‘एनपीएम सीआय’लाही मिळावा लागतो; नाहीतर आपल्या यंत्रावर चालणारा प्रकल्प सीआयवर पडतो. ‘फोर्स’ या पर्यायाबाबत माझे मत अधिक कडक आहे. तो नेमके काय मोडून पुढे गेला हे नंतर शोधणे म्हणजे काट्याचा नायटा करून घेणे आहे.

चिन्हांचा अर्थ

पॅकेज.जेसनमध्ये जे लिहिलेले असते ती आवृत्ती नसून मर्यादा असते. खरी आवृत्ती लॉकफाइलमध्ये असते. ^१.२.३ याचा अर्थ १.२.३ किंवा त्यापुढची पण २.०.० च्या आतली कोणतीही आवृत्ती चालेल. ~१.२.३ याचा अर्थ १.३.० च्या आतली. शून्यापासून सुरू होणाऱ्या आवृत्त्यांत कॅरेटचे (^) वागणे बदलते, आणि अनुभवी लोकही येथे फसतात: ^०.२.३ हे ०.३.० च्या आतच थांबते, तर ^०.०.३ म्हणजे फक्त ०.०.३.

या चिन्हांमागे सेमव्हर म्हणून ओळखला जाणारा करार आहे: मोडणारा बदल केला तर पहिला आकडा वाढवायचा, नवी सोय दिली तर दुसरा आणि दुरुस्ती केली तर तिसरा. हा करार लेखकाच्या शब्दावर चालतो, त्याची तपासणी कोणतेही यंत्र करत नाही. काही नामांकित पॅकेजेस तर तो उघडपणे पाळत नाहीत. जावास्क्रिप्टला टाइप-तपासणी जोडणाऱ्या टाइपस्क्रिप्टच्या दुसऱ्या आकड्याच्या वाढीतही आधी चालणारा कोड न चालण्याइतके बदल असतात.

तर मग सगळ्या आवृत्त्या नेमक्या लिहाव्यात का? सर्व्हरवर चालणारे ॲप्लिकेशन असेल तर लॉकफाइल कमिट करणे आणि सीआयवर ‘एनपीएम सीआय’ वापरणे एवढ्याने स्थैर्य मिळते, कॅरेट राहू द्यायला हरकत नसते. टाइपस्क्रिप्ट आणि कोडची मांडणी करणारे प्रिटियर मात्र मी ‘सेव्ह-एक्झॅक्ट’ने नेमक्या आवृत्तीवर बांधतो, कारण प्रिटियरच्या छोट्या बदलानेही शेकडो फाइलींची मांडणी हलते आणि त्याचे दस्तऐवजही हाच सल्ला देतात. आपण स्वतः पॅकेज प्रसिद्ध करत असू तर गोष्ट उलट आहे: आपली पॅकेज-लॉक फाइल वापरणाऱ्यापर्यंत जातच नाही, आणि नेमक्या आवृत्त्या लिहिल्या तर त्याच्या प्रकल्पात एकाच पॅकेजच्या दोन-तीन प्रती साठतात. तेथे मर्यादा रुंद ठेवाव्यात.

पॅकेजेस पुढे नेणे

पॅकेज मॅनेजरचा बदल मर्ज होऊन काही दिवस सुरळीत गेल्यावर ‘एनपीएम आउटडेटेड’ चालवावे. त्यातील तीन रकाने महत्त्वाचे असतात: सध्या बसलेली आवृत्ती, आपल्या मर्यादेत मिळू शकणारी सर्वांत नवी, आणि प्रसिद्ध झालेली सर्वांत नवी. पहिल्या दोन रकान्यांतील फरक ‘एनपीएम अपडेट’ने एकत्र भरून काढता येतो, हे काम दर पंधरा दिवसांनी करावे आणि त्याचा एकच कमिट असावा. पॅकेज.जेसनमधील आकडेही वर जावेत असे वाटत असेल तर ‘सेव्ह’ हा पर्याय जोडावा लागतो.

तिसऱ्या रकान्यातील फरक मुख्यतः मेजर, म्हणजे पहिल्या आकड्याच्या, बदलांचा असतो आणि तेथे घाई चालत नाही. एका मेजर बदलाला एक ब्रांच द्यावी. रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम यांच्यासारखी जोडीने चालणारी पॅकेजेस तेवढी एकत्र न्यावीत. प्रकल्प तीन मेजर मागे असेल तर एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारण्यापेक्षा प्रत्येक पायरीवर थांबून त्या टप्प्याचे इशारे वाचावेत. पुढच्या मेजरमध्ये काय काढून टाकले जाणार आहे, हे बरेचसे लेखक आधीच्या मेजरमध्ये इशाऱ्याच्या रूपाने सांगून ठेवतात.

काही पॅकेजेस नोडशीच बांधलेली असतात, ती आधी शोधावीत. सास भाषेतील शैलीपत्रके सीएसएसमध्ये बदलणारे नोड-सास हे त्याचे ठळक उदाहरण: सी++ मध्ये बनलेले असल्यामुळे त्याची प्रत्येक मेजर आवृत्ती ठरावीक नोडपर्यंतच चालते. आता ते वापरातून काढण्याचा अधिकृत सल्ला आहे आणि त्याची जागा ‘सास’ या नावाच्या पॅकेजने घेतली आहे. दुसरे उदाहरण वेबपॅक या बिल्डच्या साधनाची ४ ही आवृत्ती. नोड १७ पासून ओपन-एसएसएल या कूटलेखन-संचाची ३ ही आवृत्ती आली आणि वेबपॅक ४ वापरत असलेली जुनी हॅश पद्धत त्यात नाकारली जाऊ लागली. त्यामुळे बिल्ड ‘डिजिटल एन्व्हलप’ असे शब्द असलेल्या त्रुटीने थांबते. ‘ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर’ या पर्यायाने तात्पुरती वाट निघते, पण ती वाट वेबपॅक ५ कडे जाईपर्यंतच वापरावी.

आपण न मागितलेले एखादे पॅकेज कोठून आले हे ‘एनपीएम एक्स्प्लेन’ सांगते. त्यात दोष असेल आणि मधल्या पॅकेजचा लेखक हलत नसेल, तर पुन्हा ओव्हरराइड्सचाच आधार घ्यावा. जेसनमध्ये टीप लिहिता येत नसल्यामुळे ती नोंद का केली आणि कधी काढायची, हे कमिटच्या संदेशात आणि रीडमीमध्ये लिहावे. नाहीतर दोन वर्षांनी तीच नोंद एखाद्या पॅकेजला जुन्या आवृत्तीत कोंडून ठेवते.

किती लवकर, किती उशिरा

नवी आवृत्ती आली की लगेच घ्यावी, हा सल्ला आता सरसकट देता येत नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज लेखकाने रजिस्ट्रीतून काढून घेतले आणि जगभरातील बिल्ड थांबले. त्यानंतर पॅकेज मागे घेण्यावर एनपीएमने बंधने घातली. २०१८ मधील इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचे प्रकरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. त्याच्या नव्या सांभाळकर्त्याने ३.३.६ या आवृत्तीत फ्लॅटमॅप-स्ट्रीम हे निरुपद्रवी पॅकेज ^०.१.० अशा मर्यादेने जोडले. मग ०.१.१ ही आवृत्ती आली, तिच्यात कोपे या बिटकॉइन पाकिटातून चोरी करणारा कोड होता, आणि कॅरेटने ती आपोआप आत घेतली. ज्यांच्या लॉकफाइलमध्ये ०.१.० होते आणि जे ‘एनपीएम सीआय’ वापरत होते, त्यांच्याकडे ती पोहोचली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग यांसारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजांच्या सांभाळकर्त्याला फसव्या ईमेलने गाठून विषारी आवृत्त्या टाकल्या गेल्या. त्या काही तासांतच हटवण्यात आल्या.

म्हणजे विषारी आवृत्ती अनेकदा लवकर पकडली जाते, आणि जो थोडा थांबतो तो वाचतो. पीएनपीएम १०.१६ मध्ये यासाठी ‘मिनिमम-रिलीज-एज’ ही नोंद आली. तिचे मूल्य मिनिटांत असते, म्हणजे १४४० लिहिले तर एक दिवस जुनी झाल्याशिवाय कोणतीही आवृत्ती बसवली जात नाही. पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या आपोआप सुचवणाऱ्या रेनोव्हेट आणि डिपेंडाबॉट या दोन्ही यंत्रणांतही अशी प्रतीक्षा ठेवता येते. मी सात दिवस ठेवतो. सुरक्षेची दुरुस्ती मात्र या प्रतीक्षेतून वगळावी आणि ती हाताने, वाचून घ्यावी. याखेरीज, बसवताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट हा हल्ल्याचा नेहमीचा मार्ग आहे. पीएनपीएम १० त्या गृहीतच बंद ठेवते, एनपीएममध्ये ‘इग्नोर-स्क्रिप्ट्स’ लावून ज्या एक-दोन पॅकेजांना त्या खरोखर लागतात त्यांच्यापुरत्या वेगळ्या चालवता येतात.

पॅकेजांतील ज्ञात सुरक्षा-दोष दाखवणाऱ्या ‘एनपीएम ऑडिट’चा लाल मजकूर पाहून घाबरू नये. आधी ‘ओमिट’ पर्यायाने विकासापुरती पॅकेजेस वगळावीत. बिल्डच्या साधनातील दोष आणि ग्राहकासमोरील सर्व्हरमधील दोष यांचे वजन सारखे नसते. ‘ऑडिट फिक्स’ मर्यादेच्या आत राहते, पण त्याला ‘फोर्स’ जोडले की ते मेजर बदलही करून टाकते.

लॉकफाइलमधील संघर्ष आणि माघार

दोन ब्रांचनी लॉकफाइल बदलली की मर्जच्या वेळी संघर्ष येणारच. तो हाताने सोडवू नये, आणि फाइल पुसून नव्याने बनवणे तर मुळीच करू नये, कारण त्यात सगळ्याच आवृत्त्या मर्यादेच्या टोकापर्यंत सरकतात. आधी पॅकेज.जेसनमधील संघर्ष हाताने सोडवावा, मग ‘एनपीएम इन्स्टॉल’ला ‘पॅकेज-लॉक-ओन्ली’ जोडून चालवावे. एनपीएम संघर्षाच्या खुणा ओळखून फाइल स्वतः जुळवते. त्यानंतर वर सांगितलेली आवृत्त्यांची स्क्रिप्ट पुन्हा एकदा चालवून पाहावी.

बदल सर्व्हरवर गेल्यावर बिघाड झाला तर तो कमिट उलटवावा आणि ‘एनपीएम सीआय’ चालवावे. उलटवलेल्या कमिटमध्ये पॅकेज.जेसन आणि लॉकफाइल दोन्ही असायला हव्यात. त्यांतील एकच मागे गेली तर दोन्ही फाइली जुळत नाहीत आणि ‘एनपीएम सीआय’ तेथेच थांबते. सीआयवर नोड-मॉड्यूल्सची कॅशे ठेवलेली असेल तर तिची किल्ली लॉकफाइलच्या हॅशसोबत नोडच्या आवृत्तीवरूनही बनते आहे ना, हे तपासावे. नसेल तर नोड मागे जातो, पण नव्या नोडसाठी तयार झालेल्या बायनरी कॅशेतून परत येतात आणि बिघाड तसाच राहतो.